मेन स्विचपाशी आपला माणूस

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या सगळ्या कारखान्यांत मिळून विजेला मनापासून भिणारा एकच माणूस होऊन गेला, आणि त्याने चौतीस वर्षं विजेचंच काम केलं. ते म्हणजे आमचे थोरले साडू. होऊन गेला म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. ते चांगले खणखणीत आहेत, फक्त निवृत्त होऊन औशाकडे आपल्या गावी राहायला गेलेत. पण ते गेल्यापासून आमच्या घरातला एक बल्ब शहाण्यासारखा वागेल तर शपथ. साडू हे नातंच मुळात चमत्कारिक. धड भाऊ नव्हे, धड मित्र नव्हे. दोन बहिणींनी आपापल्या नशिबाने पत्करलेले दोन गडी, आणि त्यांची जन्मभर तुलना व्हायची हे लग्नाच्या मांडवातच ठरलेलं. आमच्या तुलनेत मी एकदाही जिंकलो नाही. दाजींनी बघा एका मिनिटात मिक्सर दुरुस्त केला, हे वाक्य मी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत ऐकलं ते आजतागायत ऐकतोय. मी भोसरीला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो. नटबोल्ट काढून देणाऱ्या माणसाचं सासरी कोण कौतुक करणार?

साडू चाकणच्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते आणि राहायला जवळच निघोज्यात. कंपनीत मशीन बंद पडलं की यांना बोलावणं जायचं, आणि हे एक हात पाठीमागे बांधल्यासारखा धरून निघायचे. तो त्यांचा नियमच होता. चालू लाइनपाशी काम करताना डावा हात पाठीमागे. दोन्ही हात लागले की करंट एका हातातून शिरतो, छातीतून जातो आणि दुसऱ्या हातातून बाहेर पडतो, हे त्यांना त्यांच्या पहिल्या उस्तादाने शिकवलं होतं. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं, की घरी फ्रीज उघडतानाही त्यांचा डावा हात आपोआप पाठीमागे जायचा. फ्रीजलाही आधी बोटांची उलटी बाजू लावून बघायची, मग दांडी धरायची. "करंटला माणूस कळत न्हाई पावणं, त्याला रस्ता कळतो," असं ते मला सांगायचे. आपण रस्ता द्यायचा नाही, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. ते त्यांनी चौतीस वर्षं पाळलं आणि या धंद्यात असूनही कधी साधा झटका खाल्ला नाही.

दुसरा नियम मेन स्विचचा. लाइन बंद करून कुठेही हात घालायचा तर मेन स्विचवर पाटी टांगायची, 'काम चालू आहे, स्विच लावू नये', आणि शिवाय तिथे आपला माणूस उभा करायचा. पाटी न वाचणारे लोक असतात, तेव्हा माणूस पाहिजेच. आमच्या पुनावळ्याच्या फ्लॅटची वास्तुशांत होती त्या दिवशी यांनी सहज म्हणून एका प्लगात टेस्टर घातला आणि जाहीर केलं की अर्थिंग नीट नाही. पुढचे दोन तास घर अंधारात. गुरुजी मोबाइलच्या उजेडात पोथी वाचत होते, बिल्डरच्या माणसाचा चेहरा पडला होता, आणि मेन स्विचपाशी उभं राहायला यांनी आमच्या सोसायटीच्या वॉचमनला निवडलं. मी तिथेच होतो बरं का. घर माझं, स्विच माझा. पण मी पुढे झालो तर म्हणाले, तुम्ही पावण्यांकडं बगा, ह्यो माणूस हलणारा न्हाई. म्हणजे मी हलणारा! मला हे इतकं लागलं की त्या दिवशीचं श्रीखंडही गोड लागलं नाही. पुढेही कुणाच्या लग्नात, कुणाच्या गणपतीत, जिथे म्हणून यांनी वायर उघडली तिथे मेन स्विचपाशी कोणीतरी दुसराच उभा असायचा.

बाकी माणूस लाखात एक. फक्त त्यांना जगातल्या सगळ्या गोष्टी मशीनच वाटायच्या. घरी एक रजिस्टर होतं, कंपनीतल्या ब्रेकडाउन रजिस्टरसारखं, रकाने पाडलेलं. त्यात मिक्सरचा आवाज, नळाची गळती आणि अक्काची सर्दी एका ओळीखाली एक लिहिलेली असायची, शेवटच्या रकान्यात काय उपाय केला तेही. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, यांची बायको. तिच्या सर्दीपुढे 'सुंठ, निरीक्षणाखाली' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. माझी मुलगी सातवीत गणितात नापास झाली तेव्हा मी ओरडलो, बायको रडली, आणि साडूंनी तिला समोर बसवून पाच वेळा 'का' विचारलं. प्रत्येक उत्तरावर पुन्हा का. शेवटी निघालं ते असं, की तिला फळ्यावरचं दिसत नव्हतं. चष्मा लागला, मुलगी पास झाली, आणि आमच्या घरात माझी जी काही थोडी किंमत उरली होती तीही गेली.

आणि मार्कर. तो त्यांच्या खिशात कायम असायचा. मशीनच्या बॉडीला चीर गेली की ती वाढतेय की आहे तेवढीच आहे हे कळायला तिच्या दोन्ही टोकांना मार्करने आडवी रेघ मारतात, तारीख घालतात, सही करतात आणि दर शिफ्टला येऊन बघतात. चीर रेघेच्या पुढे गेली नाही तर काळजी नाही. ही कारखान्यातली अगदी साधी रीत. साडू ती घरी आणायचे, आणि दुसऱ्यांच्याही. आमच्या हॉलमधल्या भिंतीला गेलेल्या तड्याच्या दोन्ही टोकांना त्यांच्या सह्या होत्या. रंगाऱ्याने विचारलं, साहेब, हे पुसायचं का? मी म्हटलं, हात लावू नकोस बाबा, निरीक्षणाखाली आहे.

तर असं सगळं सुखाने चाललेलं असताना, निवृत्तीला पाच महिने उरले होते तेव्हा, साडूंच्या डाव्या बरगडीखाली आग व्हायला लागली आणि दुसऱ्या दिवशी तिथे पुळ्यांची ओळ उठली. अक्काने बघितल्याबरोबर ओळखलं. नागीण. आता नागीण म्हटली की आपल्याकडे घरोघरी एकच भीती असते, तिची दोन्ही टोकं अंगाला वेढा घालून मिळाली की माणूस संपला. अक्काने शेजारच्या म्हातारीकडून गेरू आणवला. साडू तिला हसले. म्हणाले, आपन सायन्सवाली मानसं, असल्या गोष्टींवर आपला इश्वास न्हाई. आणि मग या सायन्सवाल्या माणसाने आरशासमोर उभं राहून, नागिणीच्या दोन्ही टोकांना मार्करने रेघा मारल्या, तारीख आणि वेळ घातली, खाली बारीक सही केली, आणि शर्ट घालून ड्युटीवर गेले.

चार दिवस ते दर शिफ्टला आरशात बघत होते. चौथ्या दिवशी रविवारी आमच्याकडे आले, हॉलमध्ये शर्ट वर केला आणि मला एखादा रिपोर्ट दाखवावा तशी ती ओळ दाखवली. म्हणाले, टोकं जागची हालली न्हाईत, केस स्टेबल हाय. माझी बायको चहा घेऊन येत होती, ती ट्रे तसाच टेबलावर आदळून चप्पल घालायला गेली. तासाभरात आम्ही चिंचवडला त्वचेच्या डॉक्टरांसमोर होतो. त्यांनी आधी पुळ्या बघितल्या, मग सही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ते म्हणाले, नागीण विषाणूमुळे होते, लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो नसेत दडून बसतो आणि उतारवयात उठतो. त्याची गोळी पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाली तर नसेचं नुकसान कमी होतं. "तुम्ही चार दिवस काय करत होतात?" साडू अगदी हळू आवाजात म्हणाले, निरीक्षण. जगात इतक्या निगुतीने कोणी आपल्या आजाराची हयगय केली नसेल.

पुळ्या तीन आठवड्यांत वाळल्या. खपल्या पडल्या, कातडी जवळजवळ पहिल्यासारखी झाली. दुखणं मात्र गेलं नाही. उलट आता ते असं झालं की काही टोचलं-आपटलं तर नव्हे, नुसतं कापड टेकलं तरी आग व्हायची. पंख्याचा वारा नको, चादर नको. अक्काचा पदर चुकून लागला तर हा एवढा धिप्पाड माणूस एकदम आकसून भिंतीला लागायचा. तिने त्यांच्या डाव्या बाजूला बसणंच सोडून दिलं. घरी बिनशर्टाचं राहता येतं हो, पण कंपनीत? तिथे ड्रेस अंगात असल्याशिवाय गेटातून आत सोडत नाहीत, आणि तो जाड निळा शर्ट म्हणजे साडूंना निखारा. अक्काने आतून जुन्या सुती पातळाचं मऊ अस्तर लावून दिलं. ते घालून साडू जायचे, आठ तास शर्ट डाव्या हाताने अंगापासून दूर धरून काम करायचे, आणि घरी आले की दारातच तो काढून तिच्या हातात द्यायचे. चेहरा राखेसारखा झालेला असायचा.

कंपनीतले साहेब भले होते. ते म्हणाले, तुमची एवढी रजा शिल्लक आहे, डिसेंबरपर्यंत घरीच बसा, शेवटच्या दिवशी आम्ही घरी येऊन सत्कार करू. कोणालाही यात सोय दिसली असती. मलाही दिसली, आणि मी तसं बोललो. साडू तेव्हा त्यांच्या निघोज्याच्या घरी उघड्या अंगाने खुर्चीच्या कडेवर बसले होते. ते माझ्यावर चिडले नाहीत. म्हणाले, "चौतीस वर्षांत एक मशीन बंद टाकून घरी आलो न्हाई मी. आता सोताच बंद पडून घरी बसू व्हय? मला शेवटच्या दिवशी ड्युटी करून, ड्रेस घालून गेटातनं भाईर पडायचंय. दुसरं काय मागत न्हाई." त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा बघितले. आणि खरं सांगतो, इतकी वर्षं ज्या माणसाचा मला हेवा वाटत आला होता, त्याचा हा हट्ट त्या दिवशी मला माझाच वाटला.

नसांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी आराम पडायचा, पण झोप यायची. पॅनेलसमोर पेंगणारा इलेक्ट्रिशियन कोणाला परवडणार, म्हणून डोस वाढवता येईना. त्यांनीच सुचवलं की गोळ्या चालू ठेवून जोडीला इलेक्ट्रोअॅक्युपंक्चर करून बघा, काही जणांना उपयोग होतो. आमच्या पुनावळ्यातच दूध डेअरीच्या वरच्या मजल्यावर एक डॉक्टरबाई ते करायच्या. माझ्या बायकोने साडूंना समजावलं की अगदी बारीक सुया टोचतात, सुयांना वायरी लावतात आणि वायरींतून हलका करंट सोडतात. यावर साडूंनी फोनवर तिला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्यांनी विचारलं, "अंगात?"

पहिल्या दिवशी मी त्यांना गाडीतून घेऊन आलो, तर मांडीवर पिशवी. पिशवीत मल्टिमीटर, टेस्टर, रबरी हातमोजे आणि पॅनेलसमोर अंथरतात तसल्या रबरी मॅटचा तुकडा. डॉक्टरबाई चाळिशीच्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी ते सगळं सामान टेबलावर मांडू दिलं आणि म्हणाल्या, काका, आधी तुम्ही माझं मशीन तपासा, मग मी तुम्हाला तपासते. एका वाक्यात बाईंनी गडी जिंकला. साडूंनी मशीन उलटंसुलटं करून बघितलं. बॅटरीवर चालणारं, मेनलाइनशी संबंध नाही, हे बघून त्यांना थोडं हायसं वाटलं. मग दोन्ही वायरी कुठे लावणार असं विचारलं. बाई म्हणाल्या, दोन्ही एकाच बाजूला, पाठीच्या कण्याजवळ आणि पायाला. छातीच्या आरपार करंट जाईल असं कधी लावत नाही. साडूंनी माझ्याकडे वळून हळूच सांगितलं, बाई शिकलेली हाय. आणि उजव्या कुशीवर झाले, मॅट अंगाखाली घेऊन. सुया टोचून झाल्यावर बाई म्हणाल्या, काका, डावा हात पुढे घ्या. तो पाठीमागे गेलेला होता.

सुया असताना बाईंनी त्यांना हे कसं चालतं ते सांगितलं, कारण साडूंनी पाच वेळा का विचारलं होतं. त्या म्हणाल्या, विषाणू नसेत उठला की आपल्या शरीराचे पहारेकरी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, तिथे जमतात आणि त्याच्याशी भांडतात. त्या भांडणात नसेला सूज येते. पुढे विषाणू थंड पडतो, पण काही पेशी तिथून हलत नाहीत. त्या चिडकी रसायनं सोडत राहतात आणि नस मेंदूला आग लागल्याचा निरोप देत राहते. सुईतून बारीक ठोके दिले की नसांमधून वेगळा निरोप जातो, त्या पेशी शांत होतात, आणि काही पेशी तर शरीरातलंच वेदना मारणारं द्रव्य तिथे आणून सोडतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांत नेमकं असंच होतं हे अजून पक्कं म्हणता येत नाही, हेही बाईंनी लपवलं नाही. साडू डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "म्हंजे बाई, ब्रेकडाउन टीम मशीन दुरुस्त करून मोकळी झाली, पर आपल्या मेंटेनन्स शॉपला परत गेलीच न्हाई. तिथंच उभं ऱ्हाऊन उगंच ठोकाठोकी करायलीय." बाई म्हणाल्या, काका, मी हे आता सगळ्या पेशंटना असंच सांगणार.

आठवड्यातून दोनदा असं जाणं-येणं सुरू झालं. साडूंच्या रजिस्टरमध्ये नवा रकाना पडला. सकाळी उठल्या उठल्या अक्का विचारायची, गेली का तुमची टीम? साडू बरगडीवर फुंकर मारून अंदाज घ्यायचे आणि सांगायचे, न्हाई, बसलेत सगळे, चहा मागायलेत. हसण्यावारी न्यायचे बिचारे. पण पाच वेळा जाऊन आले तरी फरक म्हणून पडेना. सहाव्या खेपेला गाडीत बसले तेव्हा ते हसत नव्हते. नोव्हेंबर लागला होता. ते म्हणाले, पावणं, रजेचा अर्ज लिहून ठिवलाय, उद्या देतो. तळवड्याचा चौक आला. मग एकदम त्यांनीच सांगून टाकलं. बाई सुया लावून, करंट चालू करून दुसऱ्या पेशंटकडे गेल्या की हे हात लांब करायचे आणि मशीनचं बटण शून्यावर आणायचे. पाचही वेळा. वीस मिनिटं झाली की बाई येण्याआधी पुन्हा होतं तिथे. सुया भरपूर टोचून घेतल्या, करंट मात्र यांनी आजवर अंगात येऊच दिला नव्हता!

मी गाडी कडेला घेतली. हसावं की रडावं कळेना. विचारलं, अहो, पण का? साडू खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "भ्या वाटतं हो. चौतीस वर्षं ज्याला अंगाला शिवू दिलं न्हाई, त्याला आता सोताहून आत ये म्हनायचं... बाई चांगल्या हायत, पर त्या आत निघून जातात. मशीनपाशी कुनीच नसतं."

आम्ही गेलो आणि मीच डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. साडू शाळकरी मुलासारखे शेजारी उभे. बाई रागावल्या नाहीत. उलट त्यांनाच वाईट वाटलं, की आपण एकदा विचारायला हवं होतं. त्यांनी सुया लावल्या आणि म्हणाल्या, आज बटण तुम्ही सांगाल तसं, सोसेल तेवढंच वाढवायचं, आणि तुम्हाला विश्वासाचं कोण वाटतं त्याला मशीनपाशी थांबवा. साडूंनी मान वळवली. खोलीत आमच्या घरून परस्पर आलेली अक्का होती, बाईंच्या मदतनीस होत्या, मी होतो. ते म्हणाले, "पावणं, तुमी हितं उभं ऱ्हावा. मी बंद म्हनलं की बंद करायचं. मी म्हनल्याबिगर हात लावायचा न्हाई."

वाचकहो, एवढ्याशा बटणापाशी मी असा उभा होतो जसा कुणी सरहद्दीवर उभा राहील. नाक खाजलं तरी हललो नाही. बाईंनी बटण एक एक खूण पुढे नेलं. साडूंच्या पोटरीचा स्नायू टकटक उडायला लागला. त्यांनी डोळे गच्च मिटले होते, आणि डावा हात पाठीमागे न जाता पुढे, गादीवर उताणा पडला होता. कपाळावर घाम होता. मी तीनदा विचारलं, बंद करू का? तीनदा ते म्हणाले, थांबा. पंधरा मिनिटांनी त्यांचा श्वास संथ झाला आणि मी बघतो तर काय, ते चक्क झोपले होते. गोळ्यांनी नव्हे, नुसते झोपले होते. अक्का दारात तोंडाला पदर लावून उभी होती. मी मात्र वेळ संपेपर्यंत जागचा हललो नाही.

पुढे मग हळूहळू उतार पडत गेला. एकदम काही चमत्कार वगैरे नाही. एखादा दिवस बरा, एखादा पुन्हा वाईट. आधी पंख्याचा वारा सोसायला लागला, मग बनियन, मग अस्तराचा शर्ट तासभर, मग अर्धी शिफ्ट. हे सुयांनी झालं, गोळ्यांनी झालं की नुसत्या दिवसांनी, हे ठामपणे सांगता येणार नाही असं बाईच म्हणाल्या. साडूंना विचाराल तर ते अजून सांगतात, टीम एकेक करून शॉपला गेली, फक्त एक मुकादम मागे राहिला, तो थंडीत कधी कधी हाक मारतो. रजेचा अर्ज त्यांनी फाडून टाकला. प्रत्येक खेपेला मी भोसरीहून अर्धा दिवस काढून बटणापाशी उभा राहायला यायचो. माझी बायको एकदा म्हणाली, आता दाजींना भीती राहिलेली नाही, तुम्ही कशाला जाताय? मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना आणायला कंपनीच्या गेटवर गेलो. साडेतीनची शिफ्ट सुटली आणि ढोलताशाच्या आवाजात ते बाहेर आले. अंगात निळा ड्रेस, डोक्याला फेटा, गळ्यात गुडघ्यापर्यंत हार, गुलालाने माखलेले. त्या दिवशीही दुपारपर्यंत ते एका मशीनचं पॅनेल उघडून बसले होते म्हणे, सत्काराला ओढून आणावं लागलं. गेटाबाहेर पोरं एकामागून एक गळ्यात पडत होती आणि मी लांबून जीव मुठीत धरून बघत होतो, बरगडीला लागेल म्हणून. साडूंनी एकालाही अडवलं नाही. बायाबापड्या, कॅन्टीनवाले, सिक्युरिटीवाले, सगळ्यांना भेटून झालं. शेवटी त्यांनी एकदा मागे वळून गेटाला हात जोडले आणि येऊन गाडीत बसले.

घरी अक्काने ओवाळलं आणि सवयीने हात पुढे केला, शर्ट घ्यायला. साडू तसेच आत आले आणि खुर्चीत बसले. पाणी प्याले. चहा झाला. उन्हं उतरायला लागली. अक्का म्हणाली, काढा आता तो, गुलालाचे डाग पडतील, भिजत घालते. साडूंनी वरचं एक बटण काढलं आणि थांबले. मला वाटलं आग होतेय. मी विचारलं, दुखतंय का?

"न्हाई. आज न्हाई दुखत," ते म्हणाले. त्यांनी काढलेलं बटण पुन्हा लावलं. "चार महिने ह्यो शर्ट कदी एकदा काढीन असं व्हायचं, पावणं. आज काढावं वाटंना."

अक्काने पुढे केलेला हात मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली, आणि येऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसली, अगदी खेटून.